पाचातले चार बरोबर येतात, तरी पैसे का जातात?

प्रश्न: ताई, मी 28 वर्षांचा आहे. रावेतला राहतो आणि चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला आहे. दोन वर्षांपासून क्रिकेट आणि फुटबॉलवर मल्टी लावतो, म्हणजे अनेक सामन्यांचे अंदाज एकाच बेटमध्ये; सगळे बरोबर आले तरच पैसे. बेटिंगच्या साइटचा आयडी एका ओळखीच्या मुलाने व्हॉट्सअ‍ॅपवर दिला. पाच सामने निवडतो, चार बरोबर येतात आणि एक मारतो. सारखं हेच होतंय. मला क्रिकेट कळतं, हे मित्रही मान्य करतात. एक मित्र म्हणतो, सरळ मल्टी सोड, यांकी लाव, म्हणजे एखादा चुकला तरी पैसे सुटतात. यांकी, लकी 15 हे नक्की काय असतं आणि मी तिकडे वळावं का? दुसरा म्हणतो, पुण्यात रेसकोर्सवर जॅकपॉट चालतो, तो कायदेशीर आहे, मग यात वाईट काय? डिसेंबरमध्ये माझं लग्न आहे. होणाऱ्या बायकोला यातलं काहीच माहीत नाही. सांगावं का?
एक वाचक, रावेत

उत्तर:

तुझ्या पत्रातलं एकच वाक्य आधी घेते, कारण बाकीचे सगळे प्रश्न त्याच्यावर उभे आहेत. ‘चार बरोबर येतात आणि एक मारतो.’ तू हे नशिबाचं गाऱ्हाणं म्हणून लिहिलं आहेस. मला वाटतं तू रोज रात्री झोपताना हेच वाक्य मनात घोळवत असशील, आणि पुढच्या आठवड्याची स्लिप याच वाक्याच्या जोरावर भरत असशील. म्हणून शांतपणे आकडे बघू.

पाच सामने घे. प्रत्येकात दोन्ही संघ तुल्यबळ आहेत असं धर. पाचही अंदाज बरोबर येण्याची शक्यता बत्तिसात एक. नेमके चार बरोबर आणि एक चूक, ही शक्यता बत्तिसात पाच, कारण चुकणारा सामना पाचांपैकी कुठलाही असू शकतो. म्हणजे ‘एकाने मारलं’ हे पूर्ण जिंकण्यापेक्षा पाचपट जास्त वेळा घडणारच. तू म्हणशील, मी तुल्यबळ सामने घेतच नाही, फेव्हरिट घेतो. ठीक आहे. तुझा प्रत्येक संघ शंभरात सत्तर वेळा जिंकतो असं धरू. आता पाचही जिंकण्याची शक्यता 17 टक्क्यांच्या जरा आत येते आणि नेमका एक हरण्याची 36 टक्के. पाचातले किती बरोबर येतील याचे जेवढे निकाल संभवतात, त्यांत सगळ्यात जास्त वेळा येणारा निकाल हाच आहे, चार बरोबर आणि एक चूक. दर तीन स्लिपांत एखादी तरी अशीच निघणार.

तेव्हा तू जिंकण्याच्या काठावर येऊन परत फिरत नाहीयेस. या प्रकारची बेट लावणाऱ्या चांगल्या जाणकाराच्याही पदरात जे पडतं, तेच तुझ्या पदरात पडतंय. आणि ते पडताना फार गोड वाटतं, हीच त्यातली घातक गोष्ट आहे. 2009 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी जुगाराच्या यंत्रावर खेळणाऱ्यांच्या मेंदूचे स्कॅन घेतले होते. चित्रं जुळता जुळता थोडक्यात हुकली, की मेंदूतले जे भाग जिंकल्यावर जागे होतात त्यांतले काही हरल्यावरही जागे होत होते, आणि पुन्हा खेळायची इच्छा वाढत होती. शेवटच्या सामन्याच्या एकोणिसाव्या षटकापर्यंत तुझी स्लिप जिवंत असते. हरलास तरी ‘जमत आलंय’ एवढीच आठवण मागे उरते.

आता भावाकडे येऊ. तुल्यबळ सामन्याचा प्रामाणिक भाव 2.00 असायला हवा, शंभर लावले तर दोनशे. बुकी 1.90 देतो. शंभरामागे सरासरी पाच रुपये त्याचे. एका सामन्यावर हे कदाचित जाणवत नाही. पण मल्टीमध्ये भावांचा गुणाकार होतो, आणि त्याच्याबरोबर बुकीच्या कापाचाही होतो. तू क्वालिटीत आहेस, म्हणून तुला हे माझ्यापेक्षा चटकन दिसेल. एका पार्टवर पाच ऑपरेशन्स आहेत आणि प्रत्येक ऑपरेशनला पाच टक्के रिजेक्शन आहे. लाइनच्या शेवटी शंभरातले पंच्याण्णव पार्ट चांगले निघतात का? नाही, साधारण 77 निघतात. तसंच पाच सामन्यांच्या मल्टीत शंभर रुपयांतले सरासरी 77 परत येतात आणि 23 बुकीकडे राहतात. दहा सामन्यांची स्लिप केलीस तर परत येणारे 60. तुमच्या लाइनवर असं रिजेक्शन निघालं असतं तर तू त्याच दिवशी मीटिंग बोलावली असतीस.

आकड्यात सांगते. 1.90 चे पाच भाव गुणले की 24.76 येतात. शंभर रुपयांच्या स्लिपवर तुला 2,476 दिसतात आणि डोळे तिथेच अडकतात. प्रामाणिक भाव धरला असता तर तिथे 3,200 असायला हवे होते. हा दुसरा आकडा मोबाइलवर कुठेच दिसत नाही, म्हणून सव्वासातशे रुपयांची कमी कोणाला खुपत नाही.

ज्या देशांत हे सगळं परवान्याने आणि हिशेब ठेवून चालतं, तिथलेही आकडे हेच सांगतात. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात बुकींकडे खेळांच्या सगळ्या बेटिंगमधून शंभरामागे साधारण पाच डॉलर उरतात. तिथे मल्टीला पार्ले म्हणतात आणि पार्लेची छापील कार्डं असतात. त्या कार्डांवर मात्र तीसच्या आसपास उरतात. म्हणून जगभरच्या कंपन्या मल्टीचीच सगळ्यात मोठी जाहिरात करतात. ‘पन्नास रुपयांत पन्नास हजार’ ही ओळ एकेका सामन्याच्या बेटवर लिहिता येत नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी, नाहीतर मी तुला अर्धंच सांगितल्यासारखं होईल. गुणाकार दोन्हीकडे चालतो. एखाद्याचा अंदाज खरोखरच बुकीपेक्षा सरस असेल, प्रत्येक सामन्यात थोडासा का होईना, तर मल्टीत त्याचाही फायदा वाढत जातो. प्रश्न एवढाच आहे की तू तो माणूस आहेस का. क्रिकेट कळणं वेगळं आणि भाव चुकलाय हे कळणं वेगळं. मुंबई जिंकेल हे तुला कळलं, पण ते भाव काढणाऱ्यालाही कळलेलं असतं, आणि तेच तर भावात भरलेलं असतं. याची परीक्षा तुला घरी बसून घेता येईल, एक रुपयाही न लावता. जुन्या स्लिपांचे स्क्रीनशॉट काढ. प्रत्येक सामना सुटा धर, प्रत्येकावर शंभर रुपये लावले असते असं समजून त्या त्या भावाने जमा-खर्च मांड. दोन वर्षांच्या स्लिपा आहेत, म्हणजे सामने भरपूर असतील. सुट्या सामन्यांतही बेरीज वजाच आली तर ‘मला कळतं, फक्त एक मारतो’ हे संपलं. माझा अंदाज आहे की ती वजाच येईल. आणि अधिक आली तरी थोडं थांब. सातत्याने जिंकणाऱ्याच्या बेटवर परवाना असलेल्या कंपन्याही मर्यादा घालतात. तुझ्या आयडीवाल्याला तर कुणाला उत्तरच द्यायचं नाही.

पत्रात तू लिहिलेलं नाहीस, पण मल्टी लावणारा जवळजवळ प्रत्येक जण करतो ती एक गोष्ट विचारते. चार सामने निवडून झाले की पाचवा म्हणून एखादा ‘पक्का’ घालतोस का? 1.10 भावाचा, म्हणजे नुसता वजन वाढवायला? वरचाच काप धरला तर असा संघ शंभरात 86 वेळा जिंकतो. जिंकला तर तुझी रक्कम फक्त दहा टक्क्यांनी वाढते आणि उरलेल्या चौदा वेळा आख्खी स्लिप घेऊन बुडतो. ‘ज्याने मारलं’ तो सामना आठवून बघ. बऱ्याचदा तो असाच कुणीतरी बिनधोक समजलेला असतो.

आता यांकी. मित्राने अर्धी माहिती दिली आहे. यांकी ही एक बेट नाही, अकरा बेट आहेत. चार सामने निवडायचे आणि त्यांच्या सगळ्या जोड्या लावायच्या. दोन-दोनच्या सहा जोड्या होतात, त्यांना डबल म्हणतात. तीन-तीनच्या चार, त्या ट्रेबल. आणि चारही मिळून एक. सहा, चार आणि एक, अकरा. तू ‘शंभरची यांकी’ म्हणालास की खात्यातून अकराशे जातात. लकी 15 म्हणजे याच अकरांत चारही सामने सुटे धरून आणखी चार बेट. पुढे हे वाढतच जातं. तीन सामन्यांची ट्रिक्सी चार बेटची, पाच सामन्यांची कॅनेडियन सव्वीसची, सहांची हाइन्झ सत्तावन्नची. सॉस बनवणाऱ्या हाइन्झ कंपनीची ‘57 प्रकार’ अशी जुनी घोषणा होती, त्यावरून ते नाव पडलं. आठ सामन्यांच्या गोलायथमध्ये 247 बेट असतात. तिथे दहा रुपयांची बेट म्हणजे 2,470 रुपये.

‘एखादा चुकला तरी पैसे सुटतात’ हे खरं आहे का? पुन्हा 1.90 भावाचे तुल्यबळ सामने घे आणि शंभरची यांकी लाव, खर्च 1,100. चारपैकी तीन बरोबर आले तर तीन डबल आणि एक ट्रेबल लागतं, साधारण 1,769 रुपये येतात. म्हणजे नफा होतो, मित्र तेवढंच सांगतोय. पण चारात सगळ्यात जास्त वेळा येणारा निकाल आहे दोन बरोबर, दोन चूक. सोळात सहा वेळा. तेव्हा एकच डबल लागतं आणि 361 रुपये जमा होतात. मोबाइलवर हिरव्या अक्षरांत ‘तुम्ही जिंकलात’ असं येतं. अकराशे गेले, तीनशे एकसष्ट आले, आणि संदेश अभिनंदनाचा! एक किंवा शून्य बरोबर असेल तर सगळेच गेले. सगळे निकाल मिळून सरासरी काढली तर शंभरातले 88 च्या जरा आत परत येतात. पाच सामन्यांच्या मल्टीपेक्षा टक्केवारी बरी दिसते, कारण यांकीत बहुतेक पैसे लहान जोड्यांवर असतात. पण तू आत्ता एका स्लिपवर शंभर लावत असशील तर यांकीत अकराशे लावणार. शंभरावर 23 जात होते, ते आता अकराशेवर 134 जातील. म्हणून तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर सरळ ‘नाही’ आहे. यांकीकडे वळू नकोस.

याच जातीची आणखी दोन आमिषं तुला दिसली असतील. ‘एक लेग (म्हणजे मल्टीतला एक सामना) चुकला तर पैसे परत’ हे पहिलं. वरचा 36 टक्क्यांचा आकडा आठव, म्हणजे हीच सवलत का देतात ते कळेल. लोक सर्वांत जास्त कुठे हळहळतात ते त्यांना ठाऊक आहे. परत मिळतं ते बहुतेक वेळा रोख नसतं. फ्री बेट मिळते, तिलाही वरची मर्यादा असते, आणि ती वापरायला तू पुन्हा आत येतोसच. दुसरं आमिष म्हणजे एकाच सामन्यातले अनेक अंदाज जोडणं, जसं ‘चेन्नई जिंकेल आणि ऋतुराज पन्नास करेल’. आपला पुण्याचा मुलगा म्हणून हात चटकन तिकडे जातो, मला कळतं. पण या दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. ऋतुराज पन्नास करतो तेव्हा चेन्नई जिंकण्याची शक्यता आधीच वाढलेली असते. त्यामुळे इथे साधा गुणाकार चालत नाही. कंपनी स्वतःच्या सूत्राने एकच भाव काढून समोर ठेवते आणि त्यात काप किती आहे हे ताडून बघायला तुझ्याकडे काही साधन नसतं.

टेलिग्रामवरच्या ‘पक्क्या’ टिपांबद्दलही एवढं लक्षात ठेव. पाच सामन्यांचे निकाल बत्तीस प्रकारे लागू शकतात. बत्तीस गटांना बत्तीस वेगवेगळ्या स्लिपा पाठवल्या की एका गटाला पाचच्या पाच बरोबर मिळतातच, आणि तो गट त्या माणसाला देव मानू लागतो. शिवाय आयडी वाटणाऱ्यांना तुझ्या हरलेल्या पैशांतून कमिशन मिळण्याची पद्धत या धंद्यात सर्रास आहे. तुझ्या ओळखीच्या मुलाचं तसं आहे की नाही, हे तू त्याला तोंडावर विचार.

रेसकोर्सचा मुद्दा. एम्प्रेस गार्डनच्या शेजारच्या आपल्या रेसकोर्सवर पावसाळी हंगामात शर्यती होतात आणि तिथे ट्रेबल, जॅकपॉट असे एकाहून अधिक शर्यतींचे प्रकार आहेत हे बरोबर. जॅकपॉटला पाच शर्यतींचे विजेते ओळखावे लागतात. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांच्या शर्यती हा मुख्यतः कौशल्याचा खेळ मानला. म्हणून परवान्याखाली, कोर्सवर ते चालतं. पण कायदेशीर आहे म्हणून फायद्याचं आहे असं नाही. टोटवर, म्हणजे क्लबच्या स्वतःच्या बेटिंगमध्ये, सगळ्यांचे पैसे एका पेटीत जमतात, त्यातून क्लबचा वाटा आणि कर आधी कापला जातो, आणि उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटलं जातं. तिथेही खेळणाऱ्यांच्या हातात सगळे मिळून लावल्यापेक्षा कमीच येतं. जिंकलेल्यावर 30 टक्के प्राप्तिकर, आणि हरलेले पैसे त्यातून वजा दाखवता येत नाहीत.

तू जे करतोस त्याची गोष्ट वेगळी आहे. क्रिकेटवरचा सट्टा आपल्याकडे आधीही बेकायदाच होता. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवणं, कौशल्याचे म्हणा की नशिबाचे, गुन्हा ठरवलं आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे. या कायद्यात नुसत्या खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही. तरी तू सुरक्षित नाहीस, आणि याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. तुझे पैसे कुठे जातात बघ. दर वेळी वेगळ्या माणसाच्या नावाचा यूपीआय असेल. परत येतात तेही अनोळखी खात्यांतून. त्यातलं एखादं खातं फसवणुकीच्या तक्रारीत सापडलं की पोलिसांच्या सांगण्यावरून बँक पुढच्या खात्यांतली रक्कमही गोठवते. तुझा पगार ज्या खात्यात येतो तेच असेल तर लग्नाच्या तोंडावर हॉलचे पैसे द्यायला हात रिकामे. आणि आयडीत काही रक्कम अडकली असेल आणि ‘आधी टॅक्स भरा, मग काढता येईल’ असं सांगत असतील, तर एक पैसाही भरू नकोस. ती रक्कम गेली असं समज. नव्याने भरून बसला असशील तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन कर.

आता लग्नाचं. हो, सांग. डिसेंबरच्या आत, पत्रिका वाटायला सुरुवात व्हायच्या आत. तुझ्या पत्रात एक गोष्ट मला टोचली. एकूण किती गेले, हा आकडा त्यात कुठेच नाही. तुझ्याकडेच तो नसावा. आधी तो काढ. बँकेचं दोन वर्षांचं स्टेटमेंट डाउनलोड कर, गेलेले आणि आलेले वेगळे रंगव, वजाबाकी कर. क्रेडिट कार्ड, कर्जाची अ‍ॅप, मित्रांकडून घेतलेले, सगळं त्यात धर. नुसतं ‘मी कधीकधी बेटिंग करायचो’ असं तिला सांगशील तर ते सांगितल्यासारखं होणार नाही. तिला आकडा कळला पाहिजे, देणं किती आहे ते कळलं पाहिजे, आणि आयडी बंद केलास हे दिसलं पाहिजे. लग्न ठरवताना दोन्ही घरांनी पगार विचारला असेल. मग देणं कळण्याचाही तिला तेवढाच हक्क आहे. ती रागावेल. कदाचित विचार करायला वेळ मागेल. तो दे, मागे लागू नकोस, आणि ‘आता सोडलंय ना’ असं म्हणून तिचं तोंड बंद करू नकोस.

आयडी मात्र त्याआधी बंद कर, आजच. नंबर ब्लॉक, ग्रुपमधून बाहेर. पुढचे काही महिने पगाराच्या खात्याच्या यूपीआयची रोजची मर्यादा कमी करून ठेव, बँकेच्या अ‍ॅपमधून ते होतं. गेलेले पैसे परत मिळवायला एक शेवटची स्लिप, हा विचार येईल. तो आला की घरातल्या कुणालातरी फोन कर, बाबांना सांगवत नसेल तर भावाला, मामाला. आणि स्वतःहून थांबता येत नाही असं दिसलं तर त्यात लाज कसली. टेलि-मानस ही सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, नंबर 14416, मराठीत बोलता येतं. येरवड्याचं मुक्तांगण 1986 पासून व्यसनातून बाहेर पडणाऱ्यांबरोबर काम करतंय. तिथे फोन करून तुझी परिस्थिती सांग, पुढे कुणाकडे जायचं ते ते सांगतील. स्टेटमेंटचा आकडा निघाला की मला पुन्हा लिही, देणं कोणत्या क्रमाने फेडायचं ते आपण मिळून बसवू.